भाडेकरू घर सोडेना झाला तर?

भाडेकरारांची नोंदणी करून देणं हे माझं काम. नेरूळ, सानपाडा, कोपरखैरणे, कधी ठाण्यात घोडबंदर रोड. लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन मी घरोघरी जाते. घरमालक कोणीही असो, करार वाचायच्या आधी एक प्रश्न येतोच: ‘मॅडम, अकरा महिने झाले आणि तो गेलाच नाही तर?’ तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण अंगठे घेता घेता हे सगळं सांगून होत नाही.

तुमची भीती खोटी नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 या दिवशी ज्यांचं लायसन्स, म्हणजे घर वापरायची परवानगी, चालू होतं, ते संरक्षित भाडेकरू ठरले. चार दिवसांसाठी दिलेली खोली कायमची गेली, असे अनुभव मुंबईतल्या कितीतरी कुटुंबांनी घेतले. ते घरात सांगत सांगत पुढच्या पिढीपर्यंत आले. म्हणून आजही वाशीत, खारघरला कुलूपबंद फ्लॅट दिसतात आणि त्याच इमारतीखाली कोणीतरी एजंटबरोबर घर शोधत उन्हात उभं असतं. मला त्याचं फार वाईट वाटतं.

पण कायदा बदलून जमाना झाला. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे. त्याच्या कलम 24 प्रमाणे राहण्यासाठी लीव्ह अँड लायसन्सवर दिलेलं घर मुदत संपली की रिकामं करावंच लागतं. नाही केलं, तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. वर्षानुवर्षं दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची गरज नाही. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत भाडेकरूला बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर राहिल्याबद्दल ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. आणि लेखी करारात जे लिहिलंय, तो तिथे निर्णायक पुरावा.

म्हणजे सगळं येऊन थांबतं करारावर. आणि तो लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कलम 55 ने घरमालकावर टाकली आहे. भाडेकरूवर नाही, एजंटवर नाही. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध करणं तुमच्या गळ्यात. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

इथे हमखास ऐकू येतं, ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते.’ हा समज कुठून आला तेही सांगते. 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकराचा आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात मात्र मुदत कितीही असली तरी नोंदणी लागते. खर्चही फार नाही. महिना 25,000 भाडं, एक लाख परत करायचं डिपॉझिट आणि अकरा महिने धरले, तर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के दराने साधारण 710 रुपये होतं. वर महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. एवढ्यासाठी लाखोंचं घर नोटरीच्या शिक्क्यावर सोपवू नका, हे मी हात जोडून सांगते.

आता मालकाच्या बाकी जबाबदाऱ्या. त्या कोणी विचारत नाही, पण घर सोडायच्या वेळची बहुतेक भांडणं तिथेच जन्मतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

सीवूड्सच्या एका घरात नर्सिंग करणाऱ्या दोन मुली राहत होत्या. नवीन करारासाठी मी गेले, तेव्हा त्यांचा निघण्याचा दिवस होता. बॅगा दारात, खाली टेम्पो थांबलेला. घरमालक काका भिंतीवर बोट ठेवत फिरत होते. ‘ही दोन भोकं. इथे ओल. रंगाचे पंचवीस हजार कापतोय.’ त्यातली एक म्हणाली, ‘काका, ओल जूनपासून आहे. मी तुम्हाला फोटो पाठवले होते.’ तिने मोबाइल पुढे केला. बेडरूमच्या कोपऱ्यातला फुगलेला पोपडा, तारीख, खाली काकांचंच उत्तर: ‘बघतो.’ वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाणी झिरपत होतं. काकू आतून आल्या, फोटो पाहिला आणि म्हणाल्या, ‘अहो, पोरींचे पैसे द्या.’ काकांनी दिले. पण मन मोठं असलेली काकू प्रत्येक घरात नसते, म्हणून हे कागदावर हवं.

किल्ली देताना घराचे फोटो काढा: भिंती, गीझर, पंखे, मोरीचे नळ. विजेचं आणि पाइप गॅसचं रीडिंग लिहून ठेवा. कोणत्या दुरुस्त्या कोणाच्या, हे करारात घाला. माझं सरळ मत असं, की वापरून बिघडलेलं भाडेकरूचं. गळती, जुनी वायरिंग, गंजलेले पाइप, छताचं प्लास्टर मालकाचं. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, त्यामुळे गळतीचं पत्र सोसायटीला तुम्हीच द्यायचं. आणि डिपॉझिट ही तुमची मिळकत नव्हे, ती कोणाची तरी ठेव आहे. किल्ली हातात येते त्याच दिवशी परत करण्याएवढी रक्कम बाजूला असायलाच हवी.

घरात डोकावण्याबद्दलही बोलते. लीव्ह अँड लायसन्समध्ये कायदेशीर ताबा तुमचाच राहतो, भाडेकरूला फक्त वापराची परवानगी असते. यावरून काहींना वाटतं, दुसरी किल्ली आहे, केव्हाही जावं. नेहमीच्या करारात मालकाला पाहणीचा हक्क असतो, पण वाजवी पूर्वसूचना देऊनच. आत एखाद्या बाईचे कपडे वाळत असतात, कोणी रात्रपाळी करून झोपलेलं असतं. आदल्या दिवशी एक फोन करा.

भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडायची, हे तर मनातही आणू नका. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट अशा अत्यावश्यक सुविधा तोडायला मालकाला मनाई करतं. कुलूप बदललंत की फिर्यादी तुम्ही राहत नाही, तो होतो. लेखी नोटीस द्या, करारातल्या कलमानुसार लायसन्स रद्द करा आणि मग अर्ज.

सोसायटीला कराराची प्रत द्या, पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन किंवा ठाण्यात जाऊन द्या आणि पोच जपून ठेवा. सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क, म्हणजे घर भाड्याने दिल्याबद्दल ती मालकाकडून घेते ते, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. जास्त लावलं असेल तर लेखी हरकत घ्या. भाड्याचं उत्पन्न आयकर विवरणात दाखवा. भरलेला महापालिकेचा कर वजा करून उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, तेव्हा लपवण्यात काही अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही करारात लिहिता येत नाही. आडनाव ऐकून, धर्म विचारून, ‘एकटी बाई नको’ म्हणून चांगली माणसं परत पाठवली जातात. त्यांचे चेहरे मी समोर बसून पाहते. ओळखपत्र बघा, नोकरीची चौकशी करा, आधीच्या मालकाशी बोला. तो तुमचा हक्कच आहे. पण माणूस पारखायचा तर त्याच्या व्यवहारावरून पारखा.

मुदत संपायच्या दीड-दोन महिने आधी भाडेकरूला विचारा, राहणार की सोडणार. राहणार असेल तर वाढीव भाडं ठरवून नवा करार नोंदवा, तोंडी ‘चालू दे’ म्हणू नका. जुन्या करारावर पुढे दोन-तीन वर्षं राहू दिलेल्या घरांचे फोन मला येतात, तेव्हा मालकाचा प्रश्न तोच असतो आणि दाखवायला हातात चालू मुदतीचा कागद नसतो.