अनोळखी पाहुण्यासमोर उभं राहायची तयारी

नागपूरच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी भूगोल शिकवते. शाळेने नववी-दहावीला पर्यटन आणि हॉस्पिटॅलिटी हा व्यवसाय शिक्षणाचा विषय घेतला, तेव्हा त्याची जबाबदारी माझ्याकडे आली. आपल्या भागातल्या मुलांसाठी हा विषय किती मोलाचा आहे, हे तेव्हापासून मी मिळेल त्याला सांगत असते.

पहिली गाठ पालकांशी पडली. "मॅडम, पोरीला शिकवून हाटेलात पाठवू काय?" एका वडिलांनी भर सभेत विचारलं. त्यांनी पाहिलेलं हॉटेल म्हणजे रस्त्यावरचा ढाबा, नाहीतर सावजीची खानावळ. तिथे वाढणाऱ्या पोऱ्याला कसं वागवतात तेही त्यांनी पाहिलेलं. त्यांची काळजी रास्तच होती. मी वाद घातला नाही. फळ्यावर मधोमध नागपूर लिहिलं आणि भोवती पेंच, ताडोबा, बोर, उमरेड-कऱ्हांडला, रामटेक, दीक्षाभूमी, कामठीचं ड्रॅगन पॅलेस मांडलं. मग विचारलं, विमानतळावर उतरलेला माणूस वाघ बघून परत जाईपर्यंत त्याला कोणाकोणाची गरज लागते? पालकच सांगू लागले: बुकिंग घेणारा, ड्रायव्हर, काउंटरवरचा, खोली लावणारा, स्वयंपाकी, जिप्सीवाला, गाइड, बिल करणारा. डबे करून देणारी एक आई म्हणाली, "म्हणजे माझंच काम की हे, फक्त शिकून करायचं." त्या दिवशी बरीच संमतिपत्रं सही होऊन आली.

प्रात्यक्षिकाला आमच्याकडे होती एक रिकामी वर्गखोली. दोन बाक जोडून त्यावर गादी टाकली, तो आमचा पलंग. चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशात दुमडून गादीखाली घट्ट खोचायचा असतो. बघायला सोपं वाटतं, पण पायथ्याची बाजू आधी न खोचता कडेची ओढली की सगळं सैल पडतं. मुलं एकमेकांचे कोपरे उपसून बघायची आणि पुन्हा लावायची. टेबलावर काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, पात्याची धार प्लेटकडे. भांड्यातून वाढायचं ते पाहुण्याच्या डावीकडून, पाणी उजवीकडून, कारण पेला त्याच हाताशी असतो. कारण सांगितलं की मुलं विसरत नाहीत.

खरी अडचण बोलण्याची होती. मधल्या सुट्टीत शाळा डोक्यावर घेणारी मुलं "नमस्कार, आपलं स्वागत आहे" हे वाक्य जमिनीकडे बघून म्हणायची. माझं ठाम मत झालंय की या विषयात शिकवायची मुख्य गोष्ट हीच: अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघून, न घाबरता आणि लाचार न होता बोलणं. पुस्तकातून ते येत नाही. म्हणून शाळेत येणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या माणसाचं स्वागत, बसवणं, पाणी देणं आम्ही या मुलांकडे दिलं. नंतर त्यांना दीक्षाभूमीला नेलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे काय घडलं, हे आमच्या एका अबोल विद्यार्थिनीने बाहेरगावच्या एका कुटुंबाला सांगितलं. सुरुवातीला आवाज कापत होता. त्यातल्या आजींनी मध्येच प्रश्न विचारला, आणि उत्तर देताना ती पाठ केलेलं सोडून स्वतःचं बोलायला लागली. मी मागे उभी होते, मला भरून आलं.

हॉटेल दाखवायची परवानगी मात्र सहज मिळाली नाही. काही ठिकाणी पत्राला उत्तरच आलं नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनामुळे शहरातली हॉटेलं भरलेली असतात, तेव्हा विचारूच नये. शेवटी एका व्यवस्थापकांनी अधिवेशन संपल्यावर बोलावलं आणि मनापासून सगळं दाखवलं. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला फॉर्म भरून कळवावी लागते, हे मुलांना तिथे कळलं. काउंटरमागे कायद्याचंही काम असतं, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं.

पुढचे रस्ते मी दहावीतच सांगून टाकते. दहावीनंतर लगेच हाताला काम हवं असेल तर आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा ट्रेड आहे. पदवी हवी असेल तर बारावी करून आयएचएम म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट शिकवणाऱ्या संस्थांसाठी एनसीएचएम जेईई ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा, किंवा राज्याची हॉटेल मॅनेजमेंटची सीईटी. जेईईत इंग्रजीचा स्वतंत्र विभाग असतो, आणि आपली मुलं अडखळतात ती तिथेच. त्यामुळे इंग्रजीची तयारी नववीपासून हवी, बारावीची वाट बघू नये. पालकांना दुसरी बाजूही सांगते: तासन्‌तास उभं राहावं लागतं, शिफ्ट असतात, आणि दिवाळीत सगळे घरी असताना आपलं पोर ड्युटीवर असतं. हे आधी कळलेलं बरं.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले तेव्हा मुलांनी त्यांनाही आधी पाणी विचारलं. परीक्षेतही तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं.

आता नव्या तुकडीला पेंचला सिल्लारीत न्यायचंय, तिथल्या गावांतल्या गाइडशी बोलायला. जुलै ते सप्टेंबर जंगलाचा गाभा पर्यटनाला बंद असतो, म्हणून परवानगीचं पत्र ऑक्टोबरसाठी दिलंय. गाइडना काय विचारायचं, त्याची यादी मुलंच करत आहेत.