नोंदवहीतली एक दुरुस्ती

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला तेव्हा बाकी सगळे गॅदरिंग आणि मार याबद्दल लिहिणार हे माहीत होतं, मला मात्र आपल्या विज्ञानाच्या सरांची ती फुलपाखरं-पतंगांची लांबडी नोंदवहीच आठवली. तारीख, जागा, ऊन की ढग, कशावर बसलं होतं, किती होते, आणि सगळ्यात शेवटी नाव. नाव येत नसेल तर रकाना कोरा सोडायचा, ठोकून द्यायचं नाही, यावर सर लई कडक.

पतंगांची नोंद शाळेच्या व्हरांड्यातच व्हायची. रात्रभर ट्यूबलाइट चालू असायची, सकाळी भिंतीवर पतंग चिकटलेले, पण शिपाईमामा आमच्या आधी येऊन झाडू मारून मोकळे व्हायचे. मग आम्ही त्यांना पटवलं, पंधरा मिनिटं थांबा मामा. पुढं तेच हाक मारायला लागले. एकदा त्यांनी कण्हेरीवरची बोटाएवढी हिरवी अळी दाखवली, डोक्यामागं दोन निळे डोळे, खोटे बरं का. ती ओलिअँडर हॉकमॉथ नावाच्या पतंगाची अळी निघाली.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर पहिल्यांदा गेलो ते 2009 ला, पाचवीत, टोपली कारवीची झुडपं फुललेली. ही कारवी सात वर्षांनी फुलते, म्हणजे पुन्हा बघितली तेव्हा मी बारावीत, आणि मधे 2012 ला कास जागतिक वारशात गेलेलं, तिकीट, कुंपण, सगळं आलेलं. पण मला खरा आवडला तो डबक्यातला वायतुरा. गुलाबी तुरा, वर दोन फाटे, अगदी इंग्रजी वाय. त्याच्या शास्त्रीय नावात चक्क सातारा आहे, सातारेन्सिस, हे कळल्यावर आठवडाभर आमची कॉलर टाइट.

आता कबुली. आठवीत, ऑक्टोबरात, अजिंक्यतारा किल्ल्याच्या वाटेवर मी एकट्यानं 11 प्लेन टायगर फुलपाखरं मोजली आणि लिहून टाकली. मॅच होती म्हणून घाई. पुढच्या वर्षी सरांनी सांगितलं की डॅनाइड एगफ्लाय या दुसऱ्याच फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, कारण प्लेन टायगरची अळी रुईची विषारी पानं खाते, तिचं विष पुढं फुलपाखरातही राहतं म्हणून पक्षी त्याला टाळतात, आणि ही बाई त्याचा वेष घेऊन फुकटात सुटते. मागच्या पंखाच्या मधे तीन-चार काळे ठिपके असतील तर प्लेन टायगर, हिला तिथं काही नसतं, वरच्या कडेला एकच. "मोजलेस का रे कधी?" असं सर सगळ्या वर्गाला म्हणाले, पण मला वाटलं मलाच. कारण त्या 11 मधलं एक जमिनीलगत घोळीच्या भाजीवर पोट टेकवून अंडी घालत होतं, हे मीच वहीत लिहिलेलं. प्लेन टायगर अंडी घालणार रुईवर. घोळीवर घालणारी ती एगफ्लाय.

सरांना तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही. वही अजून लॅबच्या कपाटात असेल तर कुणीतरी ऑक्टोबर 2012 चं पान काढा, 11 चे 10 करा, आणि खाली एक ओळ वाढवा. बाकीच्या दहांचे ठिपकेही मी मोजले नव्हते, तेही तिथंच बारीक अक्षरात लिहा.