८५० वॅट, डोळं झाकून

कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, म्हणजे गुजरीतल्या, दोन-तीन पेढ्यांसाठी मी दागिन्यांची थ्रीडी डिझाइन करतो. दागिना घडवायच्या आधी गिऱ्हाइकाला तो स्क्रीनवर बघायचा असतो, ही हल्लीची रीत. ठुशी असली की काम पटकन उरकतं. कोल्हापुरी साज आला की मात्र मशीनचा घाम निघतो. एकेक पान म्हणजे नक्षीचं पदक, मधले जव मणी, आणि सोनं खरं वाटायचं तर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरला प्रत्येक मण्यावरचं प्रतिबिंब मोजत बसावं लागतं. म्हणून पुण्याच्या मित्राकडून त्याचं वापरलेलं आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि खिसा रिकामा केला.

कार्ड बसवलं, साजाचा रेंडर, म्हणजे डिझाइनवरून चित्र काढायचं काम, लावला. दहा-बारा सेकंदांत टप. स्क्रीन काळी, पंखे थांबले, आणि क्षणभरानं मशीन आपलं आपण पुन्हा सुरू. पावसाळ्याचे दिवस, म्हणून आधी लाइटला शिव्या घातल्या. पण डोक्यावरची ट्यूब तर शांतपणे जळत होती. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद सापडली. तिचा अर्थ इतकाच, की मशीन रीतसर बंद न होता बंद पडलं. ते मला माहीतच होतं.

संशय एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर गेला. पाच वर्षांपूर्वीचा, ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझवाला. वीज कमी वाया घालवायच्या प्रमाणपत्राची ही खालची पायरी, गोल्ड वरची. कागदावर हिशेब मांडला. कार्ड ३२० वॅट, रायझन ९ ५९००एक्स प्रोसेसर भरात आला की १४२, बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे धरून आणखी ५०-६०. बेरीज ५२० च्या आसपास. बसतंय की! मग कॅबिनेट उघडून, मोबाइलचा टॉर्च मारून एसएमपीएसचं लेबल वाचलं. १२ व्होल्टच्या रकान्यात ४३ अँपिअर. म्हणजे १२ गुणिले ४३, ५१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः याच १२ व्होल्टवर जेवतात. लेबलवरचा मोठा आकडा बाकीचे व्होल्टेज धरून असतो. त्यात या कार्डाची खोड अशी, की मिलिसेकंदापुरतं ते ३२० च्या बरंच वर उडी मारतं. ती उडी दिसली की एसएमपीएस स्वतःला वाचवायला पडदा पाडतो. चिप बनवणारी एनव्हिडिया या कार्डाला ७५० वॅटचा एसएमपीएस सांगते ते उगाच नाही.

तोवर कामं अडवून चालणार नव्हतं. आफ्टरबर्नर या कार्ड आवरायच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणली. रेंडरला वेळ जास्त लागायचा, पण मशीन तग धरायचं. कुणाची अशीच अडचण असेल तर खरेदीची घाई करण्याआधी हे करून बघा, फुकट आहे.

८५० वॅटचा चांगला गोल्ड एसएमपीएस तेव्हा साडेदहा हजारांच्या घरात होता. माझ्याकडे जेमतेम साडेसात. आणि डिस्काउंटचा माल तर सगळीकडे होता.

पहिली फेरी स्टेशन रोडकडच्या एका दुकानात. काउंटरवरच्या पोरानं खोका समोर आपटला. ‘भावा, ८५० वॅट हाय, डोळं झाकून घे. २८०० ला देतो.’ खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘गोल्ड सिरीज’. ८० प्लसचं चिन्ह मात्र कुठंच नाही. हातात घेतला तर रिकाम्या टिफिनसारखा हलका. लेबलवर १२ व्होल्टला ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट. माझा जुना आणि हा, सख्खे भाऊ. उरलेले तीनशे वॅट कुठं गेले, असं विचारलं तर तो म्हणाला, ‘कंपनी देतीय म्हणून लिवलंय न्हवं?’

संध्याकाळी नानांना हे सांगितलं. नाना गुजरीतले कारागीर, साजाचं काम त्यांचंच. ते खो खो हसले. ‘गोल्ड सिरीज म्हंजे नुसता मुलामा की रं. आमच्याकडं कोण मोड घिऊन आला तर आमी भाव मागनं सांगतो. आदी इचारतो, कुणाचं हाय, का मोडतायसा, पावती हाय का. तू आपला किती रुपयं सुटलं तेवढंच बघतोयस.’

ते डोक्यात घेऊन दुसरी फेरी. इचलकरंजीच्या एकाकडं १२०० वॅटचा नावाजलेला एसएमपीएस ४५०० ला होता. का विकताय म्हणून विचारलं. सरळ माणूस, खरं सांगितलं: मायनिंगचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनानं मायनिंगची, म्हणजे कॉम्प्युटर राबवून नाणी कमवायची पद्धतच बंद केली, तेव्हापासून त्यासाठीची यंत्रं मोडून असला माल बाजारात आला. रात्रंदिवस चाललेला, तरी वस्तू मुळात दणकट, म्हणून मी अर्धा तयार होतो. अडलं केबलींवर. मूळच्या हरवल्या होत्या आणि तो दुसऱ्या कंपनीच्या देत होता. ‘बसतात की, बघा,’ म्हणून त्यानं एक बसवूनही दाखवली. बसतात, तोच धोका आहे. मॉड्युलर, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या केबलचं एसएमपीएसकडचं टोक कुठल्याच एका नियमात बांधलेलं नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतसुद्धा पिनांची मांडणी बदलते. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्ड डिस्क मेली, आणि माझ्या डिस्कवर चार वर्षांची डिझाइन आहेत. चहा पिऊन परतलो.

तिसरा माल बघितला त्याचा अजून राग येतो. इथंच शहरात, ‘शॉप स्टॉक, न वापरलेला’ म्हणून ५००० ला. खोका नवा, वरचं पुसलेलं अंग चकचकीत. सवयीनं टॉर्च जाळीतून आत मारला. पंख्याच्या पात्यांच्या मुळाशी, जिथं फडकं पोचत नाही तिथं, बारीक करडा थर. नखानं खरवडला तर पीठ झालं. धूळ अशी चिकटून बसत नाही, गाळ बसतो. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की सखल पेठांचं काय होतं ते इथं पोरासोरांनाही ठाऊक आहे, आणि २०१९ व २०२१ ला कितीतरी दुकानांत पाणी शिरलं. पुरात बुडालेला माल पुराचा म्हणून विकला तर घेणारा निदान सावध असतो. खोका बदलून विकणं म्हणजे घेणाऱ्याच्या घरात आग ठेवणं. मी काही न बोलता उठलो. बोलायला हवं होतं.

ऑनलाइन सेलमध्येही एक सापडला होता, ६८०० ला. तळाशी बारीक अक्षरांत ‘विक्रेत्याची वॉरंटी, १ वर्ष’. बाहेरून आणलेला माल, भारतातली वॉरंटी नाही. सोडला.

शेवटी मिळाला तो राजारामपुरीत, घरापासून दहा मिनिटांवर. ८५० वॅट, गोल्ड, कंपनीची ७ वर्षांची वॉरंटी, किंमत जीएसटी धरून ७२००. दुकानदार काका काही विकायच्या घाईत नव्हते. नानांचा प्रश्न केला: स्वस्त का? ‘नवीन कार्डांना १६ पिनांची केबल लागते, ह्याच्यात ती नाही. सगळी पोरं नवं मॉडेल मागतात. दीड वर्षं झालं, माळ्यावर आहे.’ माझ्या कार्डाला ८ पिनांच्या दोनच केबल लागतात. त्याचा दोष मला नडणारच नव्हता! लेबल वाचलं: १२ व्होल्टला ७० अँपिअर, ८४० वॅट. खोक्यावरचा, अंगावरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळवला, कंपनीच्या साइटवर टाकून बघितला, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरणार हे पक्कं केलं. मग पैसे दिले.

बसवताना कार्डाला दोन वेगळ्या केबल दिल्या, एकाच केबलचे दोन फाटे नाही. तेवढ्यात जुनं दुखणं आठवलं: कॅबिनेटला उघडा हात लागला की झिणझिण्या येतात. वायरमन मामांनी बोर्ड उघडला तर अर्थिंगची तार सुटून लोंबत होती. १५० रुपये. यूपीएसही बदलावा लागला. जुना ६०० व्हीएचा, पेलायचा जेमतेम ३६० वॅट. त्या खर्चाचं बायकोला अजून नीट सांगितलेलं नाही.

रविवारी पॉवर लिमिट पुन्हा १०० वर नेली आणि २१ पानांचा अख्खा साज लावला. पहिली पंधरा सेकंदं हात माऊसवर ठेवून नुसता बसलो. मिनिट गेलं. मग खाली जाऊन मिसळ खाऊन आलो, चार तासांनी चित्र तयार.

सोमवारी नानांना दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बराच वेळ बघितलं. म्हणाले, ‘झळाळी चांगली आलीय. पण पानांतला मासा उलट्या तोंडाचा बसवलायस.’

रेंडर पुन्हा लावलाय. अजून दोन तास बाकी आहेत.