पाटाच्या कडेने: सोलापूरच्या मुरूमवाटांची हंगामी नोंद

ऑक्टोबर अखेर

सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. म्हणून कालव्याकाठच्या वाटा सायकलीने दसऱ्याच्या आधी धरू नयेत. पहिल्या पाहणीत तीन पट्टे घेतले: हिप्परगा तलावाचे जुने पाट, मोहोळ तालुक्यातला उजनीचा डावा कालवा आणि वडकबाळच्या अलीकडे-पलीकडे सीनाकाठ. मुरूम टाकलेला रस्ता दोन कडक उन्हांत सायकलीजोगा होतो. काळ्या मातीचा तुकडा आठवडा खातो, आणि वर बाभळींची सावली असेल तर दहा दिवसही.

काळी रान-माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला थराथराने चिकटते. फोर्क आणि टायर यांच्यामध्ये जेमतेम सहा मिलिमीटर जागा असेल तर पन्नास मीटरमध्ये चाक जाम होतं. अशा वेळी पेडल मारून जोर लावायचा नाही. चिखलाचा गोळा चेनबरोबर मागच्या डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागात, जातो, डिरेलर मागे ओढला जातो आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर मोडतो. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि गावात मिळत नाही, त्यामुळे आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर पिशवीत ठेवावाच. चाक अडलं की उतरा, सायकल खांद्यावर घ्या, गवताच्या कडेने चाला. चिखल ओला असताना खरवडत बसण्यात अर्थ नाही. अर्धा तास वाळू द्या, मग टायर लिव्हरच्या पाठीने ठोकला की पापुद्रे आपोआप सुटतात. मडगार्ड या महिन्यात काढूनच ठेवावेत.

वाटेवर चढण्याआधी टाचेने जमीन दाबून पाहावी. बुटाच्या तळाला माती वडीसारखी अखंड निघून आली तर परत फिरा. भुगा होऊन सुटली तर जायला हरकत नाही.

नोंद कशी ठेवतो

जीपीएसचे किलोमीटर आपण जिथून निघालो तिथून मोजले जातात, त्यामुळे ते दुसऱ्याच्या कामाचे नसतात. कालव्याला त्याची स्वतःची मोजणी असते. मुखापासून अंतर, म्हणजे साखळी, दाखवणारे दगड काठाला रोवलेले असतात, आणि पाटकरी (पाटाचं पाणी सांभाळणारा खात्याचा माणूस), मोजणीदार सगळे त्याच साखळीने बोलतात. आपणही तीच साखळी लिहायची, म्हणजे वाटेत पाटकऱ्याला विचारलं तर तो नेमकं सांगतो. साखळीपुढे काठ लिहायचा, डावा की उजवा, आणि तो पाणी जातं त्या दिशेला तोंड करून. सेवारस्ता बहुतेक एकाच काठाला असतो, दुसऱ्या काठाला खोदाईच्या मातीचे ढीग. चुकीच्या काठाने निघालात तर पुढचा पूल येईपर्यंत सुटका नाही. उपग्रहाच्या चित्रात सेवारस्ता फिकट तांबूस रेघेसारखा दिसतो. ती रेघ कोणत्या पुलावर काठ बदलते हे निघण्याआधी पाहून घ्यावं.

पृष्ठभागासाठी चार अक्षरं पुरतात. ‘प’ म्हणजे दाबलेला पक्का मुरूम, ‘सु’ सुटी खडी, ‘का’ काळी माती, ‘फु’ फुफाटा. अक्षराशेजारी महिना लिहिलाच पाहिजे. ऑक्टोबरचा ‘प’ जानेवारीत ‘फु’ होतो, आणि महिना नसलेली नोंद माणसाला फसवते.

नोव्हेंबर: सराटे

सोलापुरात पंक्चरचं पहिलं कारण सराटा, दुसरं वेडी बाभूळ. दोघांचा स्वभाव निरनिराळा आहे आणि इलाजही.

सराट्याचं फळ हातात घेऊन पाहा. पाच फोडींचं असतं, वाळलं की फोडी सुट्या होतात, आणि प्रत्येक फोडीला दोन मोठे टणक काटे. फोड कशीही पडली तरी एखादा काटा वर राहतोच. पावसाळ्यात वेल जमिनीला धरून पसरते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळं वाळतात. मोकळा, तुडवलेला मुरूम तिला फार आवडतो, म्हणजे आपल्याला हवी तीच जागा. रस्त्याच्या मधल्या गवताच्या पट्टीत आणि पुलाच्या दोन्ही तोंडांशी ती जास्त सापडते. चाकोरीतून चालवा, मधल्या पट्टीवर चढू नका. फोटोसाठी सायकल गवतात आडवी टाकायची सवय तर साफ सोडावी. निम्मे सराटे तिथेच टायरला लागतात.

साध्या ट्यूबवर या महिन्यात निघू नये. ट्यूबलेस करणं शक्य नसेल तर ट्यूबमध्येच सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) भरावं, पण त्यासाठी व्हॉल्व्हचा गाभा निघणारी ट्यूब लागते. ट्यूबलेस 700×40 टायरला कंपनी साधारण 60 मिलिलिटर सांगते. सराट्याच्या मुलखात आम्ही 90 भरतो. काटा दिसला की काढायचा आणि भोक खाली येईल असं चाक फिरवून धरायचं. दहा सेकंदांत फुसफुस थांबते. काटा तसाच ठेवून घरी गेलं तर तो प्रत्येक फेऱ्यात भोक मोठं करत जातो.

वेड्या बाभळीचा काटा तीन ते पाच सेंटिमीटर लांब आणि सुईसारखा सरळ. शेतकरी बांधाला कुंपण घालायला फांद्या तोडून रस्त्यावरून ओढत नेतात, तेव्हा टोकं मोडून चाकोरीत पडतात. टायरला पडलेलं भोक सीलंट भरतं. पण काटा लांब असल्यामुळे कधी आतून रिमच्या टेपलाही टोचतो, आणि मग हवा टायरमधून न जाता स्पोकच्या भोकांतून जाते. बाहेरून काहीच दिसत नाही, सीलंट घालत राहिलं तरी चाक रात्रीत बसतं. ओळखायची खूण अशी: स्पोकच्या निपलपाशी साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर टेप बदला. जुनी टेप काढून रिम स्पिरिटने पुसायचा, नवी टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा 2-3 मिलिमीटर रुंद घ्यायची, ताणून दोन फेरे द्यायचे आणि व्हॉल्व्हचं भोक तापवलेल्या खिळ्याने पाडायचं. ब्लेडने कापलं तर टेप तिथूनच चिरत जाते.

सीलंट किती दिवस टिकतं हे डब्यावरच्या आकड्यावर सोडू नये. तो आकडा थंड हवेचा असतो. पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या सायकलीत मार्चनंतर महिन्या-दीड महिन्यात त्यातलं पाणी उडतं आणि आत रबराचे गोळे राहतात. व्हॉल्व्ह खाली घेऊन गाभा काढा आणि बारीक केबल-टाय आत सोडून बघा. टोक ओलं आलं तर ठीक, कोरडं आलं तर 50 मिलिलिटर घाला.

आणखी एक. गावातल्या पंक्चरवाल्याकडचा पंप मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचा असतो. आपल्या बारीक व्हॉल्व्हला तो बसत नाही. पितळी अडॅप्टर व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागीच लावून ठेवा, पिशवीत हरवतो.

डिसेंबर: पाळी आणि ऊस

कालव्याला पाणी कधी सुटणार हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं आणि स्थानिक वर्तमानपत्रात येतं. ती तारीख आपल्या वहीत असावीच. पाळी, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेले दिवस, सुरू असली की भरावातून पाझर सुटतो आणि कोरडा म्हणून नोंदलेला तुकडा ‘का’ होतो. त्याच दिवसांत शेतकऱ्यांचे पाइप रस्त्यावर येतात. अडीच-तीन इंची काळे पाइप रस्ता ओलांडतात, त्यावर थोडा मुरूम लोटलेला असतो. लांबून तो नुसता उंचवटा वाटतो, जवळ गेल्यावर मुरूम सरकतो आणि गुळगुळीत, ओला पाइप उघडा पडतो. तिरकं गेलात की पुढचं चाक घसरतं. पाइप नेहमी काटकोनात ओलांडायचा आणि त्यावर ब्रेक लावायचा नाही. मोटारीची वायर दिसली तर उतरूनच जा.

रहदारी नसलेली वाट म्हणून कालव्याकडे येतो खरं, पण गाळप हंगामात, दिवाळीपासून साधारण मार्चपर्यंत, उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर सेवारस्त्यावर येतात. त्यांना थांबता येत नाही आणि बाजू देता येत नाही. आवाज आला की पाण्याच्या उलट बाजूला उतरून उभं राहावं. मागची ट्रॉली वळणावर आत ओढते, तिथे पाय टेकून उभं राहणं जिवावरचं आहे. पाचटाचा ढीग रस्त्यावर पडलेला असतो, त्याखाली खड्डा आहे की नाही कळत नाही. बाजूने जा.

जुन्या पाटांना हा त्रास कमी. एकरुख तलाव, म्हणजे आपला हिप्परगा, अदिला नदीवर बांधून 1871 मध्ये पूर्ण झाला. मातीचा बांध दोन किलोमीटरहून लांब आणि सुमारे 21 मीटर उंच. त्या काळी पाट जमिनीच्या चढ-उताराला धरून, सारखी अगदी बारीक उतरण राखत खोदले. म्हणून ते ओढ्या-नाल्यांना वळसे घेत जातात. सायकलवाल्याला याचा अर्थ असा की चढ जवळजवळ नाहीच, पण दोन गावांमधलं अंतर डांबरी रस्त्यापेक्षा चांगलंच वाढतं. पाणी आणि खाणं त्या हिशेबाने घ्यावं.

युरोप-अमेरिकेतल्या कालव्याकाठच्या वाटांशी आपल्याकडची तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवावा. फ्रान्समधला मिदी कालवा (1681 मध्ये खुला झाला, 240 किलोमीटर) किंवा अमेरिकेतला चेसापीक-ओहायो कालवा नावांसाठी होता. नाव ओढणाऱ्या घोड्या-खेचरांसाठी काठाने सलग वाट ठेवावीच लागली, आणि आज तिथे सायकली चालतात. आपले पाट शेतीचे. काठची वाट पाहणीसाठी आहे, ती प्रत्येक चारीच्या (कालव्यातून शेताकडे जाणाऱ्या लहान पाटाच्या) तोंडाशी तुटू शकते, आणि ती जलसंपदा खात्याची आहे. पाटकऱ्याने थांबवलं तर वाद न घालता फिरावं. धरणाच्या भिंतीवरून सायकल नेता येईल असं कधीच धरून चालू नये.

जानेवारी: फुफाटा

पाऊस संपून तीन महिने झाले, वर ट्रॅक्टरांनी मुरूम दळला. आता चाकोरीत तीन-चार बोटं फुफाटा आहे. त्यात पुढचं चाक बुडतं आणि हँडल आपोआप वळतं. हवा कमी करणं हा पहिला उपाय. 70 किलोच्या स्वाराला 40 मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये एरवी पुढे 32, मागे 35 पीएसआय ठीक. फुफाट्याच्या पट्ट्यात पुढे 27, मागे 30. ट्यूब असेल तर एवढं खाली जाऊ नका, दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. वजन मागे, हात सैल, गिअर एक हलका. डांबरीवर आलात की परत हवा भरा.

चेनला ओलं तेल लावलेलं असेल तर फुफाटा त्यात कालवला जातो आणि पॉलिशसारखा चेन घासतो. मेणाचं वंगण वापरा. आदल्या रात्री लावा, सकाळपर्यंत सुकू द्या. चेनची झीज मोजणारा चेन-चेकर 0.5 दाखवू लागला की चेन बदला, थांबलात तर मागच्या दात्यांची कॅसेटही जाते. डिस्क ब्रेकचे पॅड याच महिन्यात लवकर झिजतात, अस्तर एक मिलिमीटरवर आलं की बदलायचे.

फेब्रुवारी: नदीकाठ

भीमा-सीनेला काठाने सलग वाट नाही, हे आधीच स्पष्ट असावं. शेतं पाण्यापर्यंत गेलेली आहेत. जे जमतं ते तुकड्यांनी: गाडीवाट, बंधारा, पलीकडची गाडीवाट. कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाळ्यानंतर बसवतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात, म्हणून फेब्रुवारीत वरच्या बाजूला पाणी तुंबलेलं असतं. बंधाऱ्यावरची फरशी अरुंद, बहुतेक ठिकाणी कठडा नाही, शेवाळ असेल तर काच. सायकल हाताने चालवत न्यावी, समोरून मोटारसायकल येत असेल तर ती पार होईपर्यंत काठावर थांबावं. उजनीतून नदीत कधी कधी पाणी सोडतात. त्या दिवसांत पाणी फरशीवरून जात असेल तर घोटाभर दिसलं तरी उतरू नका.

काठची काळी रानं आता भेगाळली आहेत. भेग चाकाला समांतर असेल तर 40 मिलिमीटरचं टायर सरळ आत बसतं. भेगांच्या पट्ट्यात सायकल हातात धरावी. या दिवसांत पुलांच्या आणि जलसेतूंच्या कमानीखाली आग्या मोहोळही असतं. सावली बघून तिथे थांबू नका, कमानीकडे आधी मान वर करून बघा.

हत्तरसंग कुडल, जिथे सीना भीमेला मिळते, या पट्ट्याचा उत्तम शेवट. संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा मराठी लेख आहे. परतीसाठी ऊन लक्षात घ्या: साडेनऊला संगमावरून निघालेलं असावं.

पाणी माणशी तीन लिटर, मार्चपासून चार. पाटाचं पाणी पिऊ नये, डोक्यावर ओतायला चालतं. खाण्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी यांना तोड नाही. उन्हात विटत नाही, पिशवीत मोडली तरी बिघडत नाही, आणि घामातून गेलेलं मीठ चटणीतून परत मिळतं.

बाकी राहिलेले टप्पे

माळशिरस तालुक्यातला नीरा उजवा कालवा, अकलूज-माळीनगरच्या बाजूचा. ऊसपट्टा असल्यामुळे गाळप संपल्यावर, पण उन्हाळी पाळीच्या आधी, अशा पंधरा दिवसांच्या फटीत करावा लागेल. आष्टी तलाव, मोहोळ तालुका: 1876-77 च्या दुष्काळात लोकांना काम म्हणून हाती घेतलेला, साडेतीन किलोमीटरहून लांब बांधाचा. त्याच्या पाटांचा कोणता काठ चालू आहे हे उपग्रहाच्या चित्रावरून कळत नाही, झाडी दाट आहे. कोणी जात असेल तर साखळी, काठ, अक्षर आणि महिना एवढं लिहून आणावं. वेड्या बाभळीच्या फांद्या कुठे पडल्या आहेत तेही.