तुम्ही विचारलंत म्हणून: बरोक म्हणजे वाकडा मोतीच ना?

बरोक ही सतराव्या-अठराव्या शतकातली युरोपची भरगच्च, नक्षीदार कलाशैली. जुन्या गोव्यातली चर्चेस दाखवताना तिच्या नावाबद्दलचा हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला उत्तर पाठ असतं, त्याला फक्त माझी मान हललेली हवी असते. मी आता ती हलवत नाही.

मोती खोटा नाही. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात बेढब, गोल नसलेल्या मोत्यांसाठी हा पोर्तुगीज शब्द आहे. फ्रेंच अकादमीच्या 1694 च्या कोशातही हे विशेषण मोत्यापुरतंच. संगीताला, इमारतींना ते चिकटलं पुढच्या शतकात, आणि चिकटलं ते दूषण म्हणून. 1768 मध्ये विचारवंत रुसोने गोंधळलेल्या, विसंवादी स्वरांनी लदलेल्या संगीताला बरोक म्हटलं. या शैलीचा मोठा इटालियन शिल्पकार बर्निनी 1680 मध्येच वारला. आपल्या कामाला हे नाव पडेल हे त्याला ठाऊकच नव्हतं.

एका गावच्या चर्चमधली बरोक वेदी दुरुस्तीला आली होती. लाकडी, पिळाचे खांब, त्यांवर द्राक्षवेली, ठिकठिकाणी उडालेला सोन्याचा वर्ख. वाळवी तळाशी होती, वरचं लाकूड ठणठणीत. सभेला मलाही बोलावलं होतं. मी वेलींबद्दल बोलत असताना एका तरुणाने मोबाइलवरून 'बरोक'चा अर्थ वाचून दाखवला: बेढब, सदोष. मग म्हणाला, "सर, नावातच दोष आहे, तर जपायचं कशाला?" माना डोलल्या. मी रुसो सांगितला, सनावळ्या सांगितल्या. फादर शांतपणे ऐकत होते, बाकीचे घड्याळ बघत होते. हात वर झाले. आता तिथे पांढरी संगमरवरी वेदी आहे. खांब कुठे गेले, हे मला कुणी सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल, वेदी शब्दामुळे गेली नाही, पैशांमुळे गेली. वर्खाचं काम महाग, हे मान्य. पण त्या संध्याकाळी पैशाचा विषय कुणी काढलाच नव्हता.

पंचविशीतला मी म्हणायचो, व्युत्पत्ती कळली की वस्तू कळते. त्याच्याशी माझं अजून भांडण चालू आहे. मुळात व्युत्पत्तीच पक्की नाही. मध्ययुगीन तर्कशास्त्रात अनुमानाच्या एका प्रकाराला 'बारोको' म्हणत, काहींच्या मते विशेषण त्यावरून आलं. तरीही मोत्याची गोष्ट मला सोडवत नाही, कारण युरोपातल्या सोनारांनी असलेच वाकडे मोती निवडून त्यांतून जलपुरुषांची, जलपऱ्यांची धडं घडवली. बेढब आकार त्यांना हवाच होता. हे त्या सभेत सांगून मतं फिरली असती का? एखादं फिरलं असतं, असं मला वाटतं. फादर म्हणतात, एकही नाही.