ओल्ड गोव्याला जाताय? मग टेकडी चढल्याशिवाय परत येऊ नका

आम्ही सावंतवाडीचे, मावशी फोंड्याला दिलेली, त्यामुळे गोव्याला वर्षातून दोनदा तरी जाणं होतंच. शांतादुर्गा, मंगेशी सगळं होतं, पण ओल्ड गोवा म्हणजे पणजी-फोंडा बसच्या खिडकीतून दिसणारं ते लालसर दगडाचं मोठं चर्च, एवढंच. यावेळी ठरवूनच गेले आणि बरोबर काकांना घेतलं, म्हणजे मावशीचे मिस्टर. काका शेट, पिढीजात सोनार, चाळीस वर्षं चांदीकाम केलेला माणूस. ते बरोबर होते म्हणून हे लिहितेय, नाहीतर मीही बाहेर फोटो काढून पुढे गेले असते.

कसं जायचं ते आधी सांगते. पणजीच्या कदंबा स्टँडवरून फोंड्याच्या बस सारख्या सुटतात, साधारण १० किलोमीटर, गांधी सर्कलला उतरायचं. रेल्वेने येत असाल तर मडगावला उतरून परत मागे येऊ नका, करमळी स्टेशन ओल्ड गोव्याला अगदी जवळ आहे, फक्त तुमची गाडी तिथे थांबते का ते बघून तिकीट काढा. सकाळी ९ च्या आसपास पोचलात तर उत्तम, ११ नंतर टूरच्या बसेस येतात आणि ऊनही चढतं. रविवारी सकाळी मिसा (चर्चमधली सामुदायिक प्रार्थना) असतात, तेव्हा पर्यटक म्हणून आत घुसणं बरं नाही, दुसरा वार निवडा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बीचवरून थेट येणाऱ्यांना दारातच अडवतात, एखादी ओढणी बॅगेत टाका.

पहिलं बॉम जेझूस, म्हणजे बसमधून दिसणारं तेच लालसर दगडाचं चर्च. १५९४ साली काम सुरू झालं, १६०५ ला पूर्ण होऊन ते देवाच्या नावे झालं. बाहेरून जो उघडा जांभा दिसतो तो मुळात तसा नव्हता, वर गिलावा होता, १९५० च्या दशकात तो काढून टाकला आणि तेव्हापासून गोव्याचा पाऊस थेट दगडावर बसतोय. आपल्याकडे जांभ्याचं घर बांधणाऱ्या कुणालाही विचारा, गिलावा नसेल तर दगड पाणी पितो. मला ते बघून खरंच वाईट वाटलं.

आत सेंट फ्रान्सिस झेवियर या ख्रिस्ती धर्मप्रसारक संताचं शव आहे, गोव्यातली माणसं त्यांना गोंयचो सायब म्हणतात. १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, १५५४ मध्ये गोव्यात आणलं. खालचा संगमरवरी चौथरा इटलीतून आलेला, टस्कनीच्या ड्यूकची भेट, फोजिनी नावाच्या शिल्पकाराने केलेला. सगळे गाईड त्याच्याबद्दलच बोलत होते. पण वर जी चांदीची पेटी आहे ना, ती गोव्याच्या सोनारांनी केलेली आहे, १६३६-३७ मध्ये! तिच्यावर झेवियरच्या आयुष्यातल्या प्रसंगांचे ३२ पत्रे आहेत, पण पेटी इतकी उंचावर की खालून फक्त चकाकी कळते. म्हणून माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: छोटी दुर्बीण न्या. मी पक्षी बघायची नेली होती, काकांच्या हातात दिली आणि मग ती मला परत मिळालीच नाही.

काका तिथे किती वेळ उभे होते सांगता येत नाही. मग हळू आवाजात म्हणाले, "हें आमच्याच हातांचें काम गो." मला समजावून सांगत होते, पत्र्याखाली राळ घालायची, मागून ठोकून आकृती उठवायची, मग पत्रा उलटा करून पुढून बारीक छिन्नीने नाक, डोळे, कपड्याच्या चुण्या काढायच्या, घाई केली की पत्रा फाटतो आणि सगळं पहिल्यापासून. अजून फोंड्यातल्या त्यांच्या दुकानात असंच करतात, देवाचे मुखवटे, प्रभावळी. मी मुखवटे लहानपणापासून बघतेय पण हा धागा माझ्या डोक्यात कधी जुळलाच नव्हता.

आता टेकडी. बहुतेक लोक बॉम जेझूस आणि समोरचं से कॅथेड्रल करून बसमध्ये बसतात. तसं करू नका. मॉन्ते सांतो म्हणून चढण आहे, चालत दहा-पंधरा मिनिटं, सावली कमी, पाण्याची बाटली खालूनच भरून घ्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी रिक्षा करावी, पण परतीचं आधीच ठरवून ठेवा कारण वर रिक्षा पटकन मिळत नाही, आमचा त्यात बराच वेळ गेला.

वर आधी सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चचा मनोरा लागतो, ४६ मीटर उंचीचा होता, आता अर्धाच उभा आहे. १८३५ ला पोर्तुगीज सरकारने ख्रिस्ती साधूंचे धर्मसंघ बंद केले, इमारत ओस पडली, १८४२ मध्ये छत कोसळलं आणि १९३१ ला मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला. इथली घंटा आता पणजीच्या पायऱ्यांवाल्या चर्चमध्ये वाजते. धर्मासाठी प्राण दिलेल्या, जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीचे अवशेषही याच ढिगाऱ्यात सापडले. अर्धा तास द्या.

आणि समोर सांता मोनिका. १६०६ ला बांधायला घेतलेला नन्सचा मठ, १६३६ मध्ये जळला, लगेच पुन्हा उभा केला. बाहेरून भिंतींना दिलेले जाडजूड टेकू बघा, किल्लाच वाटतो. सिस्टर्सची एक संस्था आजही या वास्तूत आहे त्यामुळे आवाज बेताचा ठेवा. मठाच्या चर्चमध्येच ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. ते १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनारीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, सुरू झालं (तेच राशोल, जिथे १६१६ साली फादर स्टीफन्सचं मराठी ओवीतलं ख्रिस्तपुराण छापलं गेलं), २००२ ला इथे आलं, मग बरीच वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं आणि २०२२ मध्ये परत उघडलं. तिकीट आहे. वेळ आणि सुट्टीचा वार निघायच्या आधी विचारून घ्या, फोटोचंही काउंटरवर विचारा.

आत गर्दी अजिबात नव्हती. चांदी, हस्तिदंत, लाकूड, भरतकाम. हस्तिदंतातला मेंढपाळ बाळ येशू बघाच, गालाला हात लावून डोळे मिटून बसलेला, खाली डोंगर, झरे, मेंढ्या. ती बसायची ढब आपण बुद्धाच्या मूर्तीत बघितलेली असते, करणाऱ्याच्या हातात तीच होती. चांदीचा पेलिकन आहे, पिल्लांना स्वतःच्या छातीचं रक्त पाजणारा पक्षी म्हणून तो ख्रिस्ताचं प्रतीक, आणि त्याच्या पिसांपुढे काका परत थांबले. एकेक पीस वेगळं घडवलेलं.

मला सगळ्यात भिडलं ते हे की १५६७ च्या गोव्यातल्या धर्मपरिषदेने हिंदू कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती-चित्रं करून घ्यायला बंदी घातली होती. त्याच काळात देवळं पाडली जात होती, देव रातोरात नदीपलीकडे फोंड्याकडे हलवले जात होते, आमची मंगेशी-शांतादुर्गा तशीच आलेली. आणि तरी चर्चचं काम करायला शेट (सोनार) आणि चारी (सुतार-लोहार) लागतच होते, कारण एवढा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. गोव्यातल्या जुन्या चर्चमध्ये पाद्री ज्यावर उभा राहून प्रवचन देतो त्या लाकडी व्यासपीठाखाली नागकन्या कोरलेल्या दिसतात, त्या कुठून आल्या ते वेगळं सांगायला नको. नावं कुणाचीच कुठे लिहिलेली नाहीत. काका प्रत्येक पाटी वाचत होते, मला कळत होतं ते काय शोधतायत.

संग्रहालयाला दीड तास तरी ठेवा. नंतर ताकद उरली तर खाली सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चशेजारी पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, शुक्रवारी बंद असतं. डिसेंबरच्या ३ तारखेला सायबाचं फेस्त (वार्षिक सण), त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना म्हणजे रोजच्या प्रार्थना, तेव्हा जत्रा बघायची असेल तरच या, वस्तू बघायच्या असतील तर नको. लहान मुलं बरोबर असतील तर शेवटी व्हाइसरॉय आर्चमधून धक्क्यावर जाऊन दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत बसवा, आमचा भाचा दिवसभराचं चालणं तिथे विसरला.

काका पुढच्या महिन्यात दुकानातल्या दोन कारागीर पोरांना घेऊन परत जाणारेत. निघताना मला म्हणाले, दुर्बीण इथेच ठेवून जा.