तुम्ही विचारलंत म्हणून : ‘माहीत नाही’चं बटण

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणि परवा तर दातांच्या डॉक्टरकडे, तोंडाचा आ केलेला असताना, मला हा प्रश्न विचारून झालाय : “तुम्ही एम.ए. केलंत तत्त्वज्ञानात, तेही ग्रीक तत्त्वज्ञान घेऊन. आणि आता कॉम्प्युटरवर मुलांसाठी धडे लिहिता. याचा त्याच्याशी संबंध काय?” विचारणाऱ्याच्या पोटातला प्रश्न ‘प्राध्यापकी मिळाली नाही वाटतं?’ असा असतो, हे मला कळतं. नाही मिळाली. पण संबंध आहे, आणि माझ्या जन्माच्या आधीपासूनचा आहे.

कॉम्प्युटरवरून शिकवण्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९६० साली सुरू झाला. डोनाल्ड बिट्झर नावाचा इलेक्ट्रिकल इंजिनियर त्यामागे होता. यंत्रणेचं नाव प्लेटो. ते एका लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून केलेलं, पण जुळवताना डोळ्यांपुढे कोण होता हे सांगायला नको. त्याच विद्यापीठात लॉरेन्स स्टोलुरोव या मानसशास्त्रज्ञाने दुसरी यंत्रणा उभी केली, तिचं नाव सॉक्रेटिस. सॉक्रेटिस गुरू, प्लेटो शिष्य, दोघे एकाच आवारात, वेगवेगळ्या खात्यांत!

नुसतं नावापुरतंच होतं असंही नाही. तिकडे स्टॅनफर्डला पॅट्रिक सपीज हा पेशाने तत्त्वज्ञच होता. ईस्ट पालो आल्टोच्या एका प्राथमिक शाळेत त्याने लहान मुलांना कॉम्प्युटरसमोर बसवून गणित शिकवलं. १९६६ साली त्याने लिहिलं की थोड्याच वर्षांत लाखो शाळकरी मुलांना ती चैन मिळेल, जी मॅसिडोनच्या फिलिपच्या मुलाला, म्हणजे सिकंदराला, राजपुत्र म्हणून मिळाली होती : ॲरिस्टॉटलसारखा जाणकार, खासगी शिक्षक. आजही शिक्षणाचं ॲप विकायला येणारा माणूस थोड्याफार फरकाने हेच बोलतो, फक्त ॲरिस्टॉटलचं नाव घेत नाही. या राजपुत्राने शिक्षण संपल्यावर जगभर काय केलं, ते मात्र सपीजच्या उपमेत येत नाही.

पण माझ्या कामाशी नातं आहे ते ‘मेनो’ या संवादातल्या दोन-चार पानांचं. प्लेटोने लिहिलेल्या या संवादात सॉक्रेटिस मेनोच्या एका गुलाम पोराला बोलावतो. आधी एकच चौकशी करतो : याला ग्रीक येतं ना? (माध्यमाचा प्रश्न तेव्हाही होता.) मग आकृती काढून विचारतो : हा दोन फूट बाजूचा चौरस, क्षेत्रफळ चार. याच्या दुप्पट, म्हणजे आठाचा चौरस हवा, तर बाजू किती घ्यायची? पोरगं बेधडक सांगतं, दुप्पट. चार. सॉक्रेटिस ‘चूक’ म्हणत नाही. चाराची बाजू घेऊन चौरस पुरा करतो आणि त्यालाच मोजायला लावतो. सोळा होतात. मग पोरगं म्हणतं, तीन. नऊ होतात. मग कितीची? तेव्हा ते म्हणतं : झ्यूसशप्पथ, सॉक्रेटिस, मला माहीत नाही.

इथे सॉक्रेटिस पोराकडून मेनोकडे वळतो आणि म्हणतो, बघ, हा किती पुढे आला! मघाशी माहीत नसताना माहीत आहे असं वाटत होतं, आता माहीत नाही हे कळलंय. पहिल्या चौरसाच्या कर्णावर काढलेला चौरस आठाचा होतो, हे त्यानंतर येतं. पुढचे सॉक्रेटिसचे बरेचसे प्रश्न ‘हो ना?’ या जातीचे आहेत, आणि माझ्या स्टोरीबोर्डमध्ये (म्हणजे धड्याच्या पडद्यागणिक आराखड्यात) असे प्रश्न आले तर रिव्ह्यूअर लाल रेघ मारेल. पोराच्या आत्म्याला हे सगळं आधीपासून ठाऊकच होतं, हा प्लेटोचा निष्कर्षही मला झेपत नाही. पण चार, मग तीन, मग माहीत नाही, हा क्रम कुणीतरी बसून रचलाय. पोरगं कुठे चुकेल हे लिहिणाऱ्याला आधी माहीत होतं. माझं पोट याच कामावर चालतं. बरोबर उत्तर कुणालाही लिहिता येतं. आम्हाला पैसे मिळतात ते चुकीच्या उत्तरांचे.

इलिनॉयच्या लोकांना हे नेमकं कळलं होतं. पुढे प्लेटोवर धडे लिहिण्यासाठी पॉल टेन्झारने ट्युटर नावाची भाषा केली. तिच्यात ‘उत्तर’ ही जशी आज्ञा होती, तशी ‘चूक’ हीसुद्धा होती. पडद्यावर काटकोन त्रिकोण आहे, मुलाने ‘हा चौरस आहे’ असं टाइप केलं, तर ‘हा’ नि ‘आहे’ गाळून नेमकी ती चूक ओळखायची आणि सांगायचं : चौरसाला चार बाजू असतात. प्रत्येक चुकीला तिचं स्वतःचं वाक्य.

त्याहून मला आवडतं ते १९६१ च्या सुमाराचं, प्लेटोवर एका वेळी जेमतेम दोनच विद्यार्थी बसू शकत तेव्हाचं. बटणांमध्ये एक होतं ‘मदत’. दाबलं की मूळ प्रश्न बाजूला राहून छोट्या छोट्या पायऱ्या सुरू. आणि त्या पायऱ्यांवर मध्येच कुठे डोक्यात उजेड पडला, तर दुसरं बटण : ‘अहा!’ ते दाबलं की थेट मूळ प्रश्नाकडे परत. ‘माहीत नाही’ला एक बटण आणि ‘कळलं’ला एक. (पुढे प्लेटोवर पोरांनी काय काय केलं, तो वेगळाच विषय : १९७३ पासून धडे बाजूला ठेवून गप्पा, चर्चा, रात्र-रात्र खेळ. संवाद म्हणून खऱ्या प्लेटोला तेच जास्त पटलं असतं.)

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी मी पाचवीसाठी अपूर्णांकांचा धडा लिहिला. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. दोन पंचमांश हे उत्तर येणार हे धरून त्यावर छान वाक्य लिहिलं होतं : ‘अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली, तरी अर्ध्याहून कमी कशी भरली?’ चाचणीला एका शाळेत गेले. एका मुलाने उत्तराच्या चौकटीत टाइप केलं, ‘माहीत नाही’. टॅब म्हणाला, ‘उत्तर चुकलं. पुन्हा प्रयत्न करा.’ त्याने लिहिलं, ‘खरंच माहीत नाही’. पुन्हा प्रयत्न करा. त्याने लिहिलं, ‘सांगितलं ना’. पुन्हा प्रयत्न करा. मग तो माझ्याकडे वळला : “बाई, याला वाचता येत नाही का?”

‘फीड्रस’ या दुसऱ्या संवादात सॉक्रेटिस लिखित शब्दांबद्दल हीच तक्रार करतो. वाटतं की यांना अक्कल आहे, पण काही विचारायला जा, ते आपलं तेच ते सांगत राहतात. एम.ए.ला यावर मी पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं.

परत आल्यावर त्या धड्यात मी एक बटण घातलं : ‘अजून कळलं नाही’. दाबलं की भाकरीचे सहा तुकडे येतात, मोजायला. प्रॉडक्टवाल्यांचं म्हणणं, मुलं पहिल्या झटक्यात तेच दाबतील आणि रिपोर्टमध्ये स्कोअर पडेल. वादावादी झाली. शेवटी बटण राहिलं, पण राखाडी रंगात, खालच्या कोपऱ्यात. दर वर्षी धडा अपडेटला येतो, तेव्हा नव्या रिव्ह्यूअरची त्यावर कमेंट असते : ‘हे कशासाठी?’ त्याचं उत्तर या लेखाएवढं लांब असल्यामुळे मी ‘राहू दे’ एवढंच लिहिते आणि कमेंट बंद करते.